पेन्शनरांच्या गावातला चैत्र

बंगळुरूला उन्हाळा नसतो, असे ठामपणे सांगणारी माणसे आजही मल्लेश्वरमच्या बाकांवर भेटतात. त्यांच्या तरुणपणापुरते ते खरेही आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरचे हे शहर मार्चमध्ये थोडे तापायचे. एप्रिलच्या अखेरीस वळवाची सर यायची, तिला इथे ‘मँगो शॉवर’ म्हणतात. मेमध्ये रात्री पुन्हा पांघरूण लागायचे. कित्येक जुन्या घरांत छताला पंख्याचा हूकच नव्हता. मग २४ एप्रिल २०१६ हा दिवस आला. त्या दिवशी शहरात ३९.२ अंश तापमान नोंदले गेले. बंगळुरूच्या नोंदींतला तो उच्चांक. २०२४ च्या एप्रिलअखेरीस पारा ३८.५ वर चढला. त्या वर्षी मार्चमध्येच कूपनलिका आटल्या होत्या आणि पिण्याचे पाणी गाडी धुण्याला किंवा बागेला वापरले तर पाच हजार रुपये दंड, असा हुकूम जलमंडळाने काढला होता.

नागपूरकरांना ३८ अंशांचे काही वाटणार नाही. पण नागपूरचे घर उन्हाळ्याशी सामना करायला बसलेले असते. खिडकीत कूलर, दाराला वाळ्याचा पडदा, दुपारी रस्ते ओस. बंगळुरूची घरे थंडाव्याच्या भरवशावर बांधलेली. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. त्यातही सर्वांत जास्त सोसावे लागते ते सत्तरी ओलांडलेल्यांना. वय वाढले की शरीराला पाणी हवे असते, पण तहान लागत नाही. घाम कमी येतो, त्यामुळे अंग थंड होत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, म्हणून मग आजोबा मुद्दाम पाणी कमी पितात, रात्री उठायला नको म्हणून. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे पंधरा हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक वृद्ध होती आणि कित्येक जण एकटे राहत होते. घरचे लोक उन्हाळी सुट्टीला गेले होते, आणि दिवसातून एकदा दार वाजवून पाणी प्यायलात का, असे विचारणारे कुणी नव्हते.

ज्येष्ठांच्या उन्हाळी सणसमारंभांविषयी लिहिताना मी इथून सुरुवात करते आहे, कारण हा विषय करमणुकीच्या पानावर ढकलला जातो. कलिंगडाची स्पर्धा, आंब्याची मेजवानी, हास्यदिन, टोप्या घालून काढलेले फोटो. मला हे समारंभ महत्त्वाचे वाटतात ते ऐन तापलेल्या दिवसांत कुणीतरी कुणाचे तरी दार वाजवते म्हणून.

बंगळुरू हे पेन्शनरांचे गाव, ही ओळख जुनी. १८९८ च्या प्लेगने जुन्या पेठांतली दाटी असह्य झाली, त्यानंतर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही नवी वस्ती भरत गेली. रुंद रस्ते, अंगणात नारळ, मागे विहीर. निवृत्त इंजिनिअर, न्यायाधीश, लष्करी अधिकारी इथे येऊन स्थायिक झाले. आज संगणक कंपन्यांसाठी ओळखले जाणारे व्हाइटफील्डसुद्धा १८८२ मध्ये मैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर वसले ते अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी, शेतीवाडी करून शांतपणे राहता यावे म्हणून.

मराठी माणसाचे पाय या गावाला फार आधी लागलेले आहेत. १६३८ मध्ये बंगळुरू आदिलशाहीच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांची जहागीर झाले. त्यांचा मुलगा व्यंकोजी याने मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळाने शंभरी पार केली आहे. पण गेल्या पंचवीसएक वर्षांत इथे आलेले मराठी ज्येष्ठ वेगळ्या वाटेने आले. मुलगा किंवा मुलगी कंपनीत लागली, मग नातवंड झाले, मग पुण्याचा, सांगलीचा, नाशिकचा फ्लॅट बंद करून किंवा विकून आई-बाबा इकडे. वयाच्या पासष्टीनंतर नवी भाषा, नवा भाजीवाला, नवा डॉक्टर.

मुलांच्या घरी या माणसांना काही कमी नसते, हे ती स्वतःच आवर्जून सांगतात. कमी असते ती एक गोष्ट, आणि ती सांगायला अवघड जाते. घर मुलाचे किंवा जावयाचे. स्वयंपाकाची बाई सुनेने लावलेली. सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद मुलाच्या मोबाइलवर होणार. अशा घरात ‘या हं संध्याकाळी’ असे कुणाला म्हणणे जड जाते. चाळीस वर्षे जिने दर वर्षी वाडा, चाळ, कॉलनी जमवली, तिच्या हातून बोलावण्याचा हक्क निसटलेला असतो.

ज्येष्ठांसाठीच्या वसाहतींकडे मी या नजरेने पाहते. पुण्यात परांजपे स्कीम्सने ‘अथश्री’ या नावाने अशा वसाहती उभ्या केल्या आणि पुढे तेच नाव घेऊन ती मंडळी बंगळुरूला व्हाइटफील्डच्या बाजूलाही आली. देवनहळ्ळीच्या दिशेला, कनकपुरा रस्त्यावरही ज्येष्ठांसाठीच्या वसाहती आहेत. न्हाणीघरात धरायला दांडा, उंबरठा नसलेली दारे, पलंगाशेजारी घंटा, खाली भोजनगृह, हे सगळे आवश्यकच. पण तिथे राहायला गेलेल्या माणसाला सर्वांत मोठी वस्तू मिळते ती म्हणजे स्वतःचे दार. त्यावर स्वतःच्या नावाची पाटी असते आणि ते कुणासाठी उघडायचे हे आपण ठरवतो.

आणि मग चैत्र येतो.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय तृतीयेपर्यंत. या महिन्याभरात सोयीच्या दिवशी हळदीकुंकू. आंबेडाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, हातावर अत्तर, अंगावर गुलाबपाणी. उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर शरीराला जे जे हवे ते सगळे या एका समारंभात आहे: पाणी, गूळ, मीठ, कैरीचा आंबटपणा, गार वास आणि चार माणसांचा आवाज. आरास उभी करायला हात लागतात. कुणी कलिंगडाचे कमळ कोरते, कुणी पायऱ्यांवर भांडी मांडते, कुणी चैत्रांगण काढते. चैत्रांगणात सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, शंख, गोपद्मे, नाग, हत्ती, झोपाळ्यातली गौर. ही सगळी चिन्हे क्रमाने हातातून उतरवणाऱ्या बायका आता सत्तरीच्या पुढच्याच आहेत. गुडघ्यामुळे खाली बसता येत नसेल तर टेबलावर काळा पुठ्ठा ठेवून रांगोळी घालता येते. त्यात गौरीचा काही अपमान होत नाही.

पन्ह्याचे तर वेगळेच शास्त्र लागते. मधुमेह असलेल्यांसाठी बिनगुळाचे, जिरेपूड आणि थोडे मीठ घातलेले. रक्तदाब असलेल्यांसाठी मीठ बेताचे. आंबेडाळीची डाळ नेहमीपेक्षा बारीक वाटलेली, कवळी सांभाळणाऱ्यांसाठी. भोजनगृहाच्या कंत्राटदाराला हे सांगून कळत नाही. ज्या बाईने नवऱ्याची साखर वीस वर्षे सांभाळली तिला ते उपजत कळते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की चैत्रगौरीच्या दिवशी त्या स्वयंपाकघरात वसाहतीतल्या बायकांना जाऊ द्यावे. स्वच्छतेची टोपी घाला, हातमोजे घाला, पण डाळीला फोडणी त्यांनाच घालू द्या.

शेजारी कन्नड बाई असते, तमिळ बाई असते, बंगाली असते. बोलावणे सगळ्यांना जाते. कन्नड बाईला यातले काहीच परके वाटत नाही. तिच्याकडे रामनवमीला पानक आणि कोसंबरी असते: गूळ, मिरी, सुंठ, वेलचीचे गार पाणी आणि भिजवलेल्या मुगाच्या डाळीत काकडी, खोबरे, मोहरीची फोडणी. सोबत पातळ मसाल्याचे ताक. बंगळुरूच्या रस्त्यारस्त्यांवर रामनवमीला मांडव घालून येणाऱ्याजाणाऱ्याला हे पानक वाटले जाते. चैत्राचा पहिला पंधरवडा कन्नडिगाच्या आणि मराठी माणसाच्या घरात जवळजवळ सारखाच जातो. पाडव्याला इथे बेवू-बेल्ला, आपल्याकडे कडुनिंब आणि गूळ. पासष्टीनंतर नव्या गावात आलेल्या माणसाला हा मोठा आधार आहे. भाषा येत नसली तरी वाटीतले काय आहे ते ओळखीचे आहे.

पण या हळदीकुंकवाबद्दल एक गोष्ट बोललीच पाहिजे, आणि सणाच्या कौतुकात ती झाकली जाऊ नये. ज्येष्ठांच्या वसाहतीत पुरुषांपेक्षा बायका जास्त जगतात, म्हणजे तिथे नवरा गेलेल्या बायका पुष्कळ असतात. जुन्या रीतीने हळदीकुंकू करायचे तर मजल्यावरच्या कित्येक दारांना बोलावणे जायचेच नाही. ज्या समारंभाने दार वाजवायचे, त्यानेच दार ओलांडून पुढे जायचे, हे मला मान्य नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. कर्नाटकाच्या सीमेलगतचे एक गाव हे करू शकते, तर बंगळुरूतल्या शिकल्यासवरल्या वसाहतींना काहीच अवघड नाही. कुंकू ज्यांना लावायचे त्यांनी लावून घ्यावे. ओटी, अत्तर, डाळ, पन्हे सगळ्यांना. आणि गौरीची आरास मांडायला पहिली कोण, हे ठरवताना हात पाहावा, कपाळ पाहू नये. बोलावणे सगळ्या बायकांच्या नावे आणि पुरुषांनाही पाठवावे. पन्ह्याचे पातेले उचलायला कुणीतरी लागतेच.

यजमानपणाचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा एक प्रयोग मला नेहमी आठवतो. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमातला अनुभव प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले की तुमची खोली कशी लावायची, चित्रपट कोणत्या रात्री पाहायचा, हे तुम्ही ठरवा. आणि प्रत्येकाला एक रोप सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप दिले, पण पाणी कर्मचारी घालतील आणि बाकीची काळजी आम्हीच घेऊ, असे सांगितले. काही आठवड्यांतच पहिल्या गटातली माणसे जास्त तरतरीत, जास्त मिसळणारी आणि जास्त आनंदी दिसू लागली. वसाहतींच्या व्यवस्थापनाने हा निबंध कार्यालयात लावून ठेवावा.

कारण आता बहुतेक ठिकाणी उन्हाळ्याचे वेळापत्रक कर्मचारी आखतात. त्याची प्रेरणा अमेरिकेतली. डेल वेब यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ ही निवृत्तांची वसाहत सुरू केली, गोल्फ, पोहण्याचा तलाव, छंदवर्ग आणि भरगच्च दिनक्रमासह. ते रूप जगभर गेले. त्याच्याबरोबर अमेरिकेतले खास दिवसही आले. आइस्क्रीम दिन जुलैच्या तिसऱ्या रविवारी असतो, कारण अध्यक्ष रेगन यांनी १९८४ मध्ये तसे जाहीर केले आणि जुलै हा तिकडचा ऐन उन्हाळा. बंगळुरूत जुलैमध्ये आभाळ भरलेले असते, स्वेटर निघालेले असतात आणि निम्म्या वसाहतीला खोकला असतो. आइस्क्रीम एप्रिलमध्येच खावे. ऋतू आपला धरावा.

परदेशांत पोचलेला आणि तरी आपल्या मातीतला एक दिवस मात्र इथल्या वसाहतींनी मनापासून उचलला आहे: जागतिक हास्यदिन, मेचा पहिला रविवार. त्याचे मूळ मुंबईत आहे. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत चार माणसे जमवून पहिला हास्यक्लब भरवला. सुरुवातीला रोज विनोद सांगत. काही दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेल्यांनी माणसे दुखावू लागली, तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकला. पत्नी माधुरी योगशिक्षिका. तिच्या मदतीने श्वास, टाळ्या आणि हसणे यांची सांगड घातली. पहिला हास्यदिन १० मे १९९८ रोजी मुंबईतच झाला. पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराने बागाबागांत हे लोण नेले. डॉ. कटारिया पुढे बंगळुरूला येऊन प्रशिक्षण देऊ लागले.

या हास्यक्लबांना नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते बंगळुरूसाठी फार मोलाचे वाटतात. निवृत्त तमिळ कर्नल, बंगाली प्राध्यापिका आणि साताऱ्याचे निवृत्त मुख्याध्यापक यांना एका वर्तुळात उभे करून काय करायला लावणार? हसायला व्याकरण लागत नाही. सकाळी साडेसहाला, ऊन चढण्याआधी, सावलीत, वीस मिनिटे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, हर्निया असेल, तर जोराचे हसणे टाळावे, एवढे पथ्य. शिवाय रोजचा माणूस आज आला नाही, हे तिथे लगेच कळते. मग कुणीतरी जाऊन त्याचे दार वाजवतो.

संध्याकाळ हा मात्र अवघड प्रश्न. या शहरात उन्हाळ्याची संध्याकाळ संगीताची आहे. चामराजपेटच्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्री रामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव भरतो. एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी तो १९३९ मध्ये सुरू केला. महिनाभर आणि त्याहूनही अधिक काळ रोज मैफली चालतात. एम. एस. सुब्बुलक्ष्मींसारख्या गायिकेने या मांडवात गायले. पुणेकराला याची जोड लगेच सापडेल. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला, २१ एप्रिल ते २० मे. दोन्ही शहरांनी उन्हाळ्यातला एक महिना सगळ्यांना मिळून ऐकण्यासाठी राखून ठेवला आणि दोन्हीकडे पुढच्या रांगा भरतात त्या पांढऱ्या केसांनी. तिथे जाणारा म्हातारा माणूस कुणाच्या देखरेखीखाली नसतो. राग कुठे वळला, वक्त्याने सन कुठे चुकवला, हे त्याला शेजाऱ्यापेक्षा जास्त कळते.

व्हाइटफील्डहून चामराजपेटला पूर्वी जाण्याचे धाडस कुणी केले नसते. ऑक्टोबर २०२३ पासून मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपासून सलग धावते. मॅजेस्टिकला उतरले की गांधीनगर जवळच, आणि हिरवी मार्गिका पकडली की पुढे के. आर. मार्केट आणि लालबाग. गाडी थंडगार आणि स्थानकांत उद्वाहक आहेत. अडते ते परतीच्या वेळी, स्थानकापासून वसाहतीपर्यंतच्या शेवटच्या दोन-चार किलोमीटरवर. तेवढ्यापुरती वसाहतीची एक गाडी रात्री साडेनऊला उभी राहिली, तरी कितीतरी माणसे महिन्यातून चार मैफली ऐकतील. वसाहतीत बोलावलेल्या जादूगारापेक्षा हे स्वस्त पडेल.

लालबागचा तर उन्हाळ्यात वेगळाच थाट. हैदर अलीने १७६० मध्ये घातलेली ही बाग. शहराच्या रस्त्यांवर फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकामागून एक फुलणारी झाडे दिसतात, आधी गुलाबी टॅबेबुया, मग निळाजांभळा जॅकरँडा, मग गुलमोहर. ही फुलण्याची साखळी मनात धरून झाडे लावली ती जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल यांनी. लालबागला येण्याआधी ते बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या चाकरीत होते. मे-जूनमध्ये लालबागेत आंबामेळा भरतो. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरचे, रामनगरचे बागायतदार स्वतः पेट्या घेऊन बसतात. हापूसला इथे बदामी म्हणतात. रसपुरी, मल्लिका, सेंदूर, मलगोवा, आणि मुलांच्या मुठीत मावणारा साखरगोटीसारखा सक्करेगुत्ती. कोकणातल्या माणसाला बदामी पहिल्या वर्षी पसंत पडत नाही. रसाला रसपुरी घेतली की तक्रार बंद होते. आंबा निवडणे हे ज्येष्ठांचे खास क्षेत्र. देठाशी वास घेऊन पेटी बाजूला काढणाऱ्या आजोबांपुढे तिशीतला नातू गप्प उभा असतो.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेने बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. दुपारी दोन मैत्रिणींनी बसने लालबाग गाठायचे, तिकीट शून्य रुपयांचे. मात्र ही सवलत कर्नाटकच्या रहिवाशांना आहे. पुण्याचे आधारकार्ड दाखवणाऱ्या आजींना तिकीट काढावे लागते. पत्ता बदलून घ्यायचा की नाही, यावर मराठी घरांत बरीच चर्चा होते. काही जणींना पत्ता बदलणे म्हणजे परतीचे दार लावून घेणे वाटते. मी तर म्हणेन, बदलून घ्या आणि फिरा.

आता गच्चीविषयी. एप्रिलचे ऊन वाया जाऊ देणे ज्या पिढीला पाप वाटते, ती पिढी अजून आपल्यात आहे. कुरडयांचा चीक, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, मिरच्या. कन्नड शेजारणीचे संडिगे आणि हप्पळ. पण अपार्टमेंटच्या गच्चीला कुलूप असते आणि वाळवण ‘दर्शनी भागात’ चालत नाही, असा नियम असतो. सौरऊर्जेचे पत्रे जिथे चालतात तिथे चार दिवस प्लास्टिकचे कागद का चालू नयेत? भल्या पहाटे चीक शिजवायचा, सातला घालायला घ्यायचा, आठ-साडेआठला सगळ्यांनी खाली यायचे. राखण सुट्टीतल्या नातवंडांकडे. इथल्या शाळा एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर बंद असतात आणि आजी-आजोबांकडे आलेल्या मुलांना मोबाइलखेरीज काम नसते. जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर सकाळच्या कवायतीचा कार्यक्रम चालतो. उन्हाळी सुट्टीत मुले आणि म्हातारी माणसे चौकात जमून ती एकत्र करतात आणि हजेरीचा शिक्का मुलांच्या कार्डावर कुणीतरी मोठे माणूस उमटवते. आपल्याकडे ओला चीक वाटीत मागणाऱ्या मुलांची हजेरी आपोआप लागते.

यासाठी फार पैसा लागत नाही. फाल्गुनातच रहिवाशांनी बैठक घेऊन चार गोष्टी लिहून घ्याव्यात. गच्चीची किल्ली एप्रिलभर कुणाकडे. चैत्रगौरीला भोजनगृहाची शेगडी किती वाजल्यापासून मोकळी. परतीची गाडी कोणत्या रात्रींना. आणि प्रत्येक मजल्यावर दुपारी तीनला ताकाचा पेला घेऊन दारे वाजवत जाण्याची पाळी कुणाची. या पाळीत नव्वदीच्या माणसाचेही नाव असावे. त्याला चालवत नसेल तर ताक घुसळून देण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.